जिजीनं मांडलेली चूल

आमच्या जिजीच्या कुठल्याही वस्तूकडं दुसऱ्यांदा वळून बघायची सोय नव्हती. बघितलं की ती विचारायची, "आवडलं? घे मंग." समोरचा नको नको म्हणेपर्यंत वस्तू त्याच्या हातात गेलेली असायची. शेजारच्या काकू लोणच्याला चांगलं म्हणाल्या आणि बरणीसकट घरी गेल्या. आमच्या केळीच्या आडतीवरच्या मुनीमाची बायको पितळी डब्यावरची नक्षी बघत बसली, तर तो डबा आतल्या डाळीसकट तिच्याकडं गेला. हे सगळ्यांना ठाऊक झालं, तसे भले लोक आमच्या घरी आले की खाली मान घालून बोलायचे. भले नव्हते ते मुद्दाम इकडंतिकडं बघायचे.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. सगळा सिंधीपुरा, म्हणजे बुऱ्हाणपुरातली आमची आळी, तिला जिजी म्हणायचा, तिच्याहून वयानं थोर माणसंसुद्धा. मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणत असे आणि मनात पहिल्या दिवसापासून 'ती'. आता ती नाही, तेव्हा मनातलंच लिहिते. लोक मला म्हणायचे, "देवी आहे हो तुमची जाऊ." असेल बापा. पण देवीच्या दर्शनाला जाऊन नारळ फोडून परत येणं सोपं असतं. तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात राहून बघा म्हणजे कळेल.

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. मी सातवीची फायनल पास झालेली, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचणारी, पेटीवर दोन पदं वाजवणारी. बुऱ्हाणपूरला सासरी गेल्यावर आपलं कौतुक होईल अशी माझी समजूत होती. जिजी डोईफोडियाची. जंगलाच्या काठचं गाव ते, शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. उंच, सावळी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. मी घरात पाऊल टाकलं त्या दिवशी ती हिरवं इरकली लुगडं नेसली होती. मी फक्त बघितलं हो! शब्द बोलले नाही. तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, माझी नजर कुठं अडकलीय ते शोधल्यासारखं, आणि संध्याकाळी ते लुगडं धुऊन, घडी घालून माझ्या ट्रंकेवर ठेवलेलं.

मला केवढा आनंद झाला होता! पुढच्या हळदीकुंकवाला मी ते नेसून गेले. दारातच बायका म्हणाल्या, "अगं बाई, हे जिजीचं ना?" नंतर जिथं जिथं ते नेसले तिथं हेच. ते विरलं तेव्हा मी त्याची गोधडी शिवली. एक एक टाका माझ्या हातचा. तर माझाच मुलगा, मधू, थंडीत मला म्हणायचा, "आई, मला जिजीची गोधडी दे." तिनं दिलेली वस्तू जन्मभर तिचीच राहायची, हे मी त्या लुगड्यावरून शिकले.

स्वयंपाकाचं तर बोलायलाच नको. तिच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसाठी दुकानावरचे हमाल काहीतरी निरोपाचं निमित्त काढून घरी यायचे. मी तिच्याजवळ बसून सगळं बघितलं. पीठ तेच, मीठ तेच, तवा तोच. भाकरी मात्र तिची ती तिची आणि माझी ती माझी. आमचे हे मुळात अबोल. तिच्या हातचं जेवताना त्यांच्या तोंडून "वा" निघायचं. मी केलं की म्हणायचे, "पोट भरलं." आता यावर भांडायचं तरी काय? पोट भरलं हे खरंच होतं.

ती माझं कौतुक करायची, नाही असं नाही. चार बायकांत मोठ्यानं सांगायची, "आमच्या कुसुमच्या हाताले लय चव आहे." पण ती कौतुक कुणाचं करायची नाही? स्टेशनावरच्या पाणचट चहाचंसुद्धा तिनं कौतुक केलेलं मी ऐकलंय. सगळ्यांना वाटलेल्या प्रसादातला माझा वाटा तो, त्याचं मी काय करू?

तिला मूल नव्हतं. आळीतल्या शहाण्या बायका मला समजवायच्या, "तुझी ओटी भरलेली, तिची रिकामी. तू कशाला जळतेस गं?" यांना काय सांगायचं! मधूला जन्म मी दिला, रात्ररात्र जागून गोवर मी काढला, आणि जेवायच्या वेळी तो आपली थाळी उचलून जिजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. मी घास भरवायला गेले की तोंड मिटायचा. ती नुसती "आ" म्हणाली की उघडायचा. ती तरी काय करणार, हे मला कळत होतं. कळून राग कमी होतो असं कुणी सांगितलं?

दुसरी तिची खोड म्हणजे ती खोटं बोलत नसे. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं जिजीला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगी शांत आहे ना?" जिजी म्हणाली, "छे व माय, तिखट आहे लय. पन मनानं सोनं आहे." मुलीच्या आईच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. आणि नशीब बघा, लग्न जमलं. पाहुणे म्हणाले, जिथं शेजारी असं खरं बोलतात तिथं फसवणूक नाही. मी असं बोलले असते तर मला आळीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मला एकच गोष्ट हवी होती. वेगळी चूल. माझी, जिथं मी केलेलं माझा नवरा आणि माझा मुलगा खातील, आणि शेजारी तुलना करायला दुसरं पातेलं नसेल. सासरे वारताना दोन्ही मुलांना एकत्र राहा म्हणून सांगून गेलेले. थोरले दादा, म्हणजे जिजीचे यजमान, वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हते. तेव्हा हे भांडूनच मिळायचं होतं. भांडणात काय बोलायचं ते मी भांडी घासताना रोज मनात घोकत असे. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं. जिजी ओरडलेलं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "दमली का वं? बस जरा." झालं, मी घोकलेलं सगळं वाया.

त्या सुमारास सगळ्या मुलखाचीच वाटणी चालली होती. राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही नागपूर राजधानीचे, ते एका सकाळी उठून भोपाळचे झालो. तापी तिथंच, तिच्यावरचा राजघाट तिथंच, पण सरकारी कागद बदलले, ओळखीचे मराठी कारकून बदल्या घेऊन निघून गेले. चौकात पुरुषमंडळी तावातावानं बोलायची. कुणी म्हणे आपण खानदेशात जायला पाहिजे होतं, कुणी म्हणे इथंच बरं. दादा आणि आमचे हेही त्यावर वाद घालायचे. त्यांच्यापुढं प्रश्न होता आपण कुठल्या राज्यात. माझ्यापुढं एकच होता, मी कुणाच्या स्वयंपाकघरात.

अशात एकदा आमचे इन्कमटॅक्सचे वकील आले. गोल टोपी, मांडीवर पानाचा डबा, बोलणं निम्मं हिंदी निम्मं मराठी. ओसरीवर बसून ते दादांना म्हणाले, "देखो दादा, शेतीचं उत्पन्न हे लोक पकडत नाहीत. आडतीचं पकडतात. आणि तुम्ही दोघं भाऊ एकत्र, म्हणजे कायद्याच्या नजरेत दोघं मिळून एकच माणूस. एका माणसाला सूट एकच. वाटणी करा, दोन माणसं व्हा. सूट दोघांना वेगवेगळी मिळेल, दर खाली येईल. लग्न झालेल्याला सूट थोडी ज्यादा. पोरं अवलंबून असली तर त्यांच्यापायी आणखी."

दादांचा चेहरा पडला. "बापानं मरेपर्यंत घर एक ठेवलं, नी मी टॅक्सपायी तोडू?"

"अहो, कागदापुरतं! दुकान दोघांच्या भागीत चालू द्या. घराची वाटणी करा. फक्त एक बात आहे. साहेब बघायला येणार. वाटणी खरी की दिखाव्याची, हे ते घरात येऊन बघतात. चुली बघतात. एक चूल दिसली की सगळं मुसळ केरात."

मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्या दिवशी वकिलांच्या चहात मी साखर दोनदा घातली. बाहेर येताना तोंड उतरवून आले, शोभायला हवं म्हणून. आतून मात्र उड्या मारत होते. देव माझ्याकडं इन्कमटॅक्सच्या वाटेनं येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जिजी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

ओसरीच्या मधोमध कुडाची भिंत घातली आणि पलीकडचा भाग आमचा ठरला. आता चूल. रेल्वेच्या चाळीत वाढलेली मी. आमच्याकडं कोळशाची शेगडी. मातीची चूल कशी घालतात मला काय माहीत? मी म्हटलं, कुणी बाई बोलवू. जिजी म्हणाली, "कशाले? मी मेली का?" स्वतः राजघाटावर जाऊन तिनं माती आणली, भुसा घातला, पायानं तुडवली, आणि माझ्या हिश्शाच्या जागेत बसून थापायला लागली. मी आपली उभी. "तुझी मोठी करते," ती म्हणाली, "पोरगं आहे तुले. उद्या माहेरचे येतील, पाहुणे येतील." शेजारी भाजी-आमटी ठेवायला वैलही काढला. तिच्या स्वतःच्या चुलीपेक्षा ती देखणी झाली. वाळल्यावर पोतेरं फिरवून तिनं पुढं दोन बोटांची रांगोळी ओढली. माझ्या आयुष्यातली पहिली वेगळी चूल ती, आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर जिजीच्या बोटांचे ठसे.

साहेब यायच्या आधी आठवडाभर वकिलांनी सवय करून घ्यायला सांगितलं होतं. दोन्हीकडं चुली पेटायच्या. आमचे हे माझ्याकडं जेवायचे, "पोट भरलं" म्हणायचे आणि हात धुताना कुडापलीकडून येणारा वास घ्यायचे. मधू माझ्याकडं वाढून घ्यायचा, थाळी उचलायचा आणि कुडाच्या फटीतून पलीकडं. दादा सगळ्यांना तंबी देत होते. जिजीला तर खास बजावलं, "तू तोंडच उघडू नको. तुझं खरं आपल्याला महागात पडेल." सगळ्यांचं ठरलेलं होतं, साहेब एकदा बघून गेले की कूड काढायचा, चूल फोडायची आणि पहिल्यासारखं एकत्र राहायचं. मला कुणी विचारलं नव्हतं. साहेबाला सगळं खरं वाटावं म्हणून ते सगळे देव पाण्यात घालून बसले होते. आणि मी मनात म्हणत होते, देवा, हे खरंच होऊ दे.

साहेब आले. तरुण, हडकुळे, कुठल्या तरी लांबच्या मुलखातले, हिंदी बोलणारे. बरोबर चपराशी आणि आमचे वकील. त्यांनी दोन्ही दारं बघितली, दोन्ही चुली बघितल्या. उन्हाचे आले होते, म्हणून पाणी मागितलं. दादा म्हणाले, "आमच्या माठातलं घ्या." त्याच क्षणी आमचे हे म्हणाले, "आमच्या माठातलं घ्या." पढवलेले पोपट दोघंही. साहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले आणि पाणी न पिताच पुढं सरकले. वकिलांचं पान तोंडात तसंच राहिलं.

एवढ्यात मधू शाळेतून आला. दप्तर फेकलं, माझ्या चुलीपुढची आपली थाळी उचलली आणि कुडाच्या फटीतून थेट जिजीच्या गुडघ्याशी. "जिजी, वाढ ना. भूक लागली."

साहेबांनी आधी मधूकडं बघितलं, मग जिजीकडं. "माताजी, ये बच्चा किसका है?"

"हिचा," जिजीनं माझ्याकडं बोट केलं.

"और खाना किसके यहाँ खाता है?"

दादांनी डोळे मिटले. जिजी काय बोलणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जिजीनं मधूकडं बघितलं. त्याचा हात तिच्या पदरात होता. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, नीट, निवांत, माझी नजर कुठं अडकलीय ते शोधल्यासारखं. ही नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती, हिरव्या लुगड्याच्या दिवशी.

"आजवर माझ्यापाशी खायचा, साहेब," ती म्हणाली. "आता त्याच्या मायपाशी खाईल."

ती उठली. एका हातात मधूची थाळी, दुसऱ्या हातात मधू. तो रडत होता, पदर ओढत होता. कुडाला वळसा घालून ती माझ्याकडं आली आणि माझ्या चुलीपुढं त्याला बसवलं. थाळी ठेवली. "वाढ वं त्याले," मला म्हणाली. मग साहेबांकडं वळली. "वेगळे झालो आम्ही. घ्या लिहून."

साहेबांनी मान खाली घातली आणि लिहून घेतलं. मी बटाट्याची भाजी वाढली. मधू मुसमुसत जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खुशीत होते. "चला, सुटलो! ती चूल काढून टाका, धूर होतो सगळ्या घरात."

जिजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कशी काढता? साहेबाले सांगितलं मी."

"अगं, ते कागदापुरतं होतं!"

"तुमचा कागद तुमच्यापाशी. माझं तोंड माझ्यापाशी. मी कधी खोटं बोलली का?"

दादा चिडले, समजावून थकले, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले. कूड राहिला. चूल राहिली. माझी इच्छा पुरी झाली.

आणि तुम्हाला सांगते, मी त्या चुलीपुढं बसून रागानं रडले. वर्षानुवर्षं घोकलेलं भांडण माझ्या घशात तसंच राहिलं. भांडून मिळवली असती तर ती चूल माझी झाली असती. इथं मला नुसतं बघताना पकडलं होतं आणि "आवडलं? घे मंग" म्हणून घरासकट हातात ठेवलं होतं. वेगळं होणंसुद्धा मला तिच्याकडून घ्यावं लागलं. आळीतल्या बायकाही लगेच म्हणायला लागल्या, "जिजीनं मांडून दिलेली चूल ना ही? काय देखणी आहे!"

दिलेला शब्द तिनं पाळला तो असा की मला त्याचाही हेवा वाटावा. मधू जेवायच्या वेळी तिच्याकडं गेला की विचारायची, "जेवून आला? मायनं काय केलं आज? सांग बरं." तो सांगायचा. "मंग गोड लागलं का?" त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायची आणि मगच मांडीवर घ्यायची. तिच्या हातचा घास तिनं त्याला पुन्हा भरवला नाही. हळूहळू त्याला माझ्या भाकरीची सवय लागली. एकदा तर तो म्हणाला, "आई, आणखी एक." मी चुलीकडं तोंड करून हसले. पलीकडं त्या वेळी भांड्याचाही आवाज होत नव्हता.

वर्ष उलटलं तसे वकील पुन्हा आले, आता दोघांचे कागद वेगळे भरायला. आम्ही दोघी आपापल्या दारात. वकील मोठ्यानं वाचायचे आणि लिहायचे. आमच्या ह्यांचं आधी. "पत्नी, एक. अवलंबून मुलं, एक. चिरंजीव मधुकर." मग दादांचं. "पत्नी, एक. अवलंबून मुलं... निरंक."

खरं सांगते, माझी मान ताठ झाली. सगळ्या जन्मात ती एकच जागा, जिथं तिच्यापाशी काही नव्हतं आणि माझ्यापाशी होतं. आणि ते सरकार लिहून घेत होतं! मी तिच्याकडं बघितलं. जिजी म्हणाली, "वकीलसाहेब, निरंक म्हंजे?"

वकील गडबडले. "म्हणजे... काही नाही, वहिनी."

"हां. लिहा मंग. खरं ते लिहा."

वकिलांना वाईट वाटलं असावं. ते हसण्यावारी नेत म्हणाले, "नाहीतर असं करा ना दादा, मधूला दत्तक घ्या! या बाजूला पुढेमागे दुसरा होईलच. घरातला घरात, आणि सूट पण मिळेल."

दादा गप्प. आमचे हे गप्प. अहो, बापानं तरी काही बोलावं की नाही? मी दाराची चौकट घट्ट धरली. मला वाटलं, संपलं. सगळी आळी म्हणेल, जिजीइतका जीव कुणी लावला त्याला, देऊन टाक. ती एवढं देते, तू एवढं एक देणार नाहीस? मला नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

"पोर काय लुगडं आहे," जिजी म्हणाली, "आवडलं म्हनून घ्यायले?"

विषय तिथं संपला. ती आत गेली. तिला मधू आवडला होता, हे तिनं तोंडानं कबूल केलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. मुलगा माझ्याकडं राहिला. तोही तिनंच ठेवला म्हणायचा.

दिवस गेले. मला पुढं दोन मुली झाल्या. मधू शिकला, खंडव्याला नोकरीला लागला. दादा गेले, त्यानंतर दोन्ही चुली असून जिजी माझ्याकडं जेवायला लागली, कारण एकटीसाठी पेटवायचा तिला कंटाळा यायचा. माझ्या हातचं खाताना प्रत्येक वेळी म्हणायची, "लय चांगलं झालं वं." मी मनात म्हणायचे, हो, चहावाल्यालाही असंच म्हणायचीस. मधूनं त्याच्या इन्कमटॅक्सच्या कागदात जिजीला अवलंबून म्हणून दाखवता येईल का, अशी चौकशी केली होती. कायद्यात काकू बसत नाही म्हणाले. मला बरं वाटलं, लपवू कशाला.

ती गेली त्याच्या आधीच्या थंडीतली गोष्ट. दुपारी अंगणात ऊन खात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण बोटं चालायची. दोघी म्हाताऱ्या. मला काय झालं कोण जाणे, मी विचारून टाकलं. "जिजी, एक विचारू? तुम्हाला माझा कधी हेवा वाटला का?"

तिचे हात थांबले. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिली, बराच वेळ.

"वाटला ना," ती म्हणाली. "लय वाटला."

"कधी?"

"मधू तुझ्यापाशी जेवायले बसे तवा. मी कुडाले कान लावून बसू. त्यानं भाकर मोडली का मले आवाज येई. वाटे, देवानं हिले सारं देलं, मले काऊन नाही?" आणि तिनं पुढची शेंग उचलली.

काय सांगू तुम्हाला! मला एकदम हलकं वाटलं. ज्या बाईचा हेवा करत माझे केस पांढरे झाले, ती कुडापलीकडं बसून माझा हेवा करत होती. मला कुणी इतकं मोठं कधी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी तूप घालून रव्याचा दराबा केला, बुऱ्हाणपूरच्या हलवायाला लाजवील असा. ती म्हणाली, "लय चांगला झाला वं." पहिल्यांदा मला ते खरं वाटलं.

पुढं ती गेली. राजघाटावरून माणसं परत आली, घर सामसूम झालं. मी माझ्या चुलीपुढं बसले होते. आणि मला एकदम ती अंगणातली दुपार आठवली. तिनं मान वर केली होती. नीट दिसत नसताना माझ्याकडं बघितलं होतं, निवांत, माझी नजर कुठं अडकलीय ते शोधल्यासारखं. त्यानंतर ती बोलली होती.

ती खोटं बोलत नव्हती, हे मला माहीत आहे. आणि मला काय हवंय ते माझ्या आधी तिला कळायचं, हेही माहीत आहे. तेव्हा तो हेवा तिचा खरा होता, की माझ्या डोळ्यांत दिसला म्हणून घडी घालून माझ्या ट्रंकेवर ठेवला, हे मी विचारायचं कुणाला? एक गोष्ट मला जन्मभरात माझी म्हणून मिळाली, आणि तीसुद्धा जिजीची तर नसेल ना, या विचारानं मी अजून तिच्यावर जळते.